करंट दिला की हात हलतो, पण त्याआधी हात टिकवावा लागतो

तुमच्या फीडमध्ये असा एखादा रील येऊन गेला असेलच. व्हीलचेअरवर बसलेला माणूस, त्याच्या मानेवर किंवा हातावर चिकटवलेले पॅच, बाजूला एक छोटा डबा. बटण दाबलं जातं आणि कित्येक वर्षं न हललेली बोटं ग्लासभोवती मिटतात. खाली कमेंटमध्ये कुणीतरी विचारतं, "भाऊ, हे मशीन आपल्याकडे कुठे मिळेल?" आणि उत्तरात लोक शॉपिंग साइटच्या लिंक टाकतात. त्यातली एखादी तर पोटाची चरबी कमी करणाऱ्या बेल्टची असते.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. पण मी मूळचा चंद्रपूर जिल्ह्यातला, त्यामुळे हा प्रश्न मला नुसता टेक न्यूज म्हणून बघता येत नाही. झाडावरून पडून, बाईकच्या अपघातात किंवा वाघाच्या हल्ल्यात मानेला मार बसलेली माणसं आमच्या भागात आहेत. म्हणून आज दोन गोष्टी समजून घेऊ. हे तंत्रज्ञान नेमकं काय करतं? आणि चंद्रपूर-गडचिरोलीतल्या माणसाच्या हातापर्यंत ते पोहोचायचं असेल तर मधे काय काय आडवं येतं?

बातमी नेमकी काय आहे?

डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या नियामक संस्थेने 'आर्क-ईएक्स' नावाच्या उपकरणाला मंजुरी दिली. ते ऑनवर्ड मेडिकल या कंपनीचं आहे. यात ऑपरेशन नाही. मानेच्या मागे कातडीवर इलेक्ट्रोड चिकटवतात आणि बाहेरूनच मज्जारज्जूला, म्हणजे स्पायनल कॉर्डला, विजेचे हलके ठोके देतात.

मंजुरीचा आधार असलेली चाचणी मे २०२४ मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात ६० जणांची माहिती तपासली गेली. सगळ्यांच्या मानेच्या मज्जारज्जूला दुखापत झालेली, काहींची तर ३४ वर्षं जुनी. आधी दोन महिने फक्त व्यायाम आणि थेरपी, मग दोन महिने तीच थेरपी पण सोबत मशीन. ७२ टक्के लोकांच्या हाताची ताकद आणि हाताने कामं करण्याची क्षमता, दोन्ही ठरवलेल्या मापापेक्षा जास्त सुधारल्या.

३४ वर्षांनंतरही सुधारणा होऊ शकते, हे वाचून मी पण थांबलो. "एक-दोन वर्षांत जे यायचं ते येतं, नंतर काही होत नाही" असं कुटुंबांना सर्रास सांगितलं जातं. ते वाक्य आता जरा जपून वापरावं लागेल.

पण बारीक अक्षरातली अटही वाचा. ही मंजुरी 'अपूर्ण' दुखापतीसाठी आहे. म्हणजे मज्जारज्जू दुखावलाय, पण त्यातून थोडेफार सिग्नल अजून जातायत, अशा लोकांसाठी.

आधी वायरिंग समजून घेऊ

चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्रात वीज तयार होते. ती मोठ्या लाइनवरून सबस्टेशनला जाते, तिथून गावात, आणि शेवटी घरातल्या वायरिंगमधून पंख्यापर्यंत. शरीरात मेंदू हे वीज केंद्र समजा, मज्जारज्जू ही मोठी लाइन, हातातल्या नसा हे घरचं वायरिंग आणि स्नायू म्हणजे पंखा.

मानेचा मणका मोडून मज्जारज्जू चेंगरला तर मोठी लाइन तुटते. पण दुखापतीच्या खालच्या भागात घरचं वायरिंग आणि पंखा बऱ्याचदा शाबूत असतात. त्यांना फक्त आदेश मिळत नाही.

लाइन कुठे तुटली यावर काय उरतं ते ठरतं. मानेतल्या नसांच्या जोड्यांना सी-१ ते सी-८ असे नंबर आहेत. ढोबळमानाने सी-५ शाबूत असेल तर कोपर वाकवता येतो. सी-६ असेल तर मनगट वर उचलता येतं. सी-७ असेल तर कोपर सरळ करता येतो, आणि सी-८ असेल तर बोटं मिटता येतात. म्हणजे एकेका नंबरवर स्वतःच्या हाताने जेवणं, मोबाईल धरणं, खाटेवरून व्हीलचेअरवर सरकणं अवलंबून असतं.

एकाच नावाखाली तीन वेगळी तंत्रज्ञानं

रीलमध्ये सगळं सारखंच दिसतं, पण आत तीन वेगळे प्रकार आहेत.

पहिला प्रकार: थेट नस आणि स्नायूला करंट. याला फंक्शनल इलेक्ट्रिकल स्टिम्युलेशन म्हणतात, थोडक्यात एफईएस. हे म्हणजे मोठी लाइन तुटली म्हणून घरालाच जनरेटर जोडणं. सेकंदाला साधारण २० ते ५० ठोके देतात. योग्य स्नायू योग्य क्रमाने आकुंचन पावले की मूठ मिटते, उघडते. मात्र घरचं वायरिंगच जळालेलं असेल, म्हणजे त्या स्नायूची नस मेली असेल, तर हा जनरेटर जवळपास निरुपयोगी. दुखापत जिथे झाली त्याच पातळीवरच्या नसांचं बऱ्याचदा असं होतं. शिवाय अशा करंटने स्नायू लवकर थकतो. आपण स्वतः हात हलवतो तेव्हा शरीर आधी न थकणारे बारीक तंतू वापरतं आणि आळीपाळीने त्यांना विश्रांती देतं. बाहेरचा करंट मात्र लवकर थकणाऱ्या जाड तंतूंनाही सुरुवातीलाच आणि सगळ्यांना एकदम कामाला लावतो.

दुसरा प्रकार: मज्जारज्जूला करंट. आर्क-ईएक्स यातलं. गडचिरोलीच्या आतल्या भागात मोबाईलला नेटवर्कची एकच काडी असते ना? आवाज तुटक येतो, पण कॉल लागलेला असतो. तिथे बूस्टर लावला तर बोलणं समजतं. दुखापतीतून जे क्षीण सिग्नल कसेबसे जातात, त्यांना खालच्या नसपेशींनी प्रतिसाद द्यावा म्हणून हे मशीन त्या पेशींना जागं ठेवतं. हात हलवायचा आदेश त्या माणसाचा स्वतःचाच असतो. पण काडीच नसेल तर बूस्टर काय वाढवणार? म्हणून ती 'अपूर्ण' दुखापतीची अट.

तिसरा प्रकार: मेंदूतून थेट स्नायूपर्यंत बायपास. २०१६ मध्ये 'नेचर'मध्ये इयान बर्कहार्ट या अमेरिकन तरुणाचं काम प्रसिद्ध झालं. मेंदूत चिप, मधे कॉम्प्युटर आणि हातावर १३० इलेक्ट्रोडची पट्टी. पुढच्या वर्षी 'लॅन्सेट'मध्ये क्लीव्हलंडच्या बिल कोचेवार यांची केस आली. खांद्याखाली जवळपास काहीच हालचाल नसलेला हा माणूस विचाराने हात हलवून काट्याने घास घेऊ लागला. त्याच्या हातात बसवलेलं तंत्र पहिल्या प्रकारचंच, एफईएस. फक्त त्याचा रिमोट मेंदूत होता.

आणि न्यूरालिंक? जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी पहिल्या माणसात चिप बसवली, तो विचाराने कर्सर हलवतो, गेम खेळतो. हे मोठं काम आहे, पण त्यात त्याचा स्वतःचा हात हलत नाही. फॉरवर्ड करताना हा फरक लक्षात ठेवा.

मशीन लावण्याआधी शरीराकडून काय लागतं?

तिन्ही प्रकारांचे पेपर वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. मशीनचा फायदा ज्यांना झाला, त्यांचे हात तोपर्यंत टिकवून ठेवलेले होते. यादी छोटी आहे.

सांधे मोकळे हवेत. बोटं आणि कोपर वर्षभर एकाच स्थितीत राहिले तर आखडतात. आखडलेल्या सांध्याला कितीही करंट दिला तरी तो उघडत नाही.

कातडी शाबूत हवी. बेडसोर झालेला माणूस आधी त्या जखमेशी झुंजतो. हाताचा विचार त्यानंतर.

मूत्रपिंडं ठीक हवीत. लघवी तुंबून वारंवार इन्फेक्शन झालं तर जिवावर बेततं.

आणि रोजचा सराव. बिल कोचेवार यांचे स्नायू इतके बारीक झाले होते की ते विजेच्या व्यायामाने आधी कित्येक महिने तयार करावे लागले. आर्क-ईएक्सच्या चाचणीतही मशीन कधी एकटं नव्हतं, सोबत थेरपिस्ट होताच.

सॉफ्टवेअरमध्ये आपण म्हणतो की अ‍ॅप चालण्याआधी सगळ्या डिपेंडन्सी इन्स्टॉल झालेल्या हव्यात. इथे डिपेंडन्सी म्हणजे माणसाचं शरीर, आणि ते पहिल्या तासापासून सांभाळावं लागतं.

आता आमच्या जिल्ह्यांकडे येऊ

आमच्याकडे दुखापत कशी होते? मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला आणि मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला माणसं पहाटे जंगलात जातात. वाकून काम करणाऱ्या माणसावर वाघ मागून झडप घालतो आणि मानेलाच पकडतो. चिंच, चारोळी, मध, बकऱ्यांसाठी पाला, दक्षिणेकडे ताडी, यासाठी लोक झाडावर चढतात आणि पडतात. कोळसा आणि लोहखनिज वाहणाऱ्या ट्रकांच्या रस्त्यावर हेल्मेट नसलेली बाईक असते.

पडलेल्या माणसाला मग चौघे हातपाय धरून उचलतात. मान लोंबकळते. जो मज्जारज्जू फक्त सुजला होता, तो अशा उचलण्याने कायमचा चेंगरू शकतो. 'अपूर्ण' दुखापत इथे 'पूर्ण' होऊ शकते. म्हणजे आर्क-ईएक्ससारख्या मशीनचा दरवाजा अपघातानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत बंद होऊ शकतो, आणि हे त्या वेळी कुणाच्या लक्षातही येत नाही.

मग अंतर. भामरागडसारख्या तालुक्यातून गडचिरोली गाठायलाच काही तास लागतात, नागपूर त्याच्याही पुढे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो. आतल्या गावांतून पेशंटला बाजेवर टाकून ओढा-नाला पार करून आणल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. बाज मधे झोळीसारखी वाकते, तिच्याबरोबर पाठही वाकते.

काहीच नाही असं मात्र नाही. गडचिरोलीजवळच्या शोधग्रामला, म्हणजे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या दवाखान्यात, मुंबईच्या स्पाइन फाउंडेशनचे सर्जन येऊन मणक्याच्या शस्त्रक्रिया करतात. हेमलकशाला आमटे कुटुंबाचा लोकबिरादरी प्रकल्प १९७३ पासून दवाखाना चालवतोय. चंद्रपुरात शासकीय मेडिकल कॉलेज आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे.

अडचण सुरू होते डिस्चार्जनंतर. योजना मुख्यतः ऑपरेशन आणि भरती असतानाच्या उपचारांभोवती बांधलेली आहे. मज्जारज्जूच्या दुखापतीत खरं काम पुढचे दोन वर्षं घरी चालतं: दर दोन तासांनी कूस बदलणं, कॅथेटर, सांध्यांचे व्यायाम, स्प्लिंट. ते करायला शिकवणारा माणूस तालुक्याच्या ठिकाणीही सहज सापडत नाही. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू झाला तर राज्य सरकार कुटुंबाला २५ लाख रुपये देतं. कायमचं अपंगत्व आलं तर रक्कम त्याहून बरीच कमी असते. खर्च मात्र त्या जिवंत माणसाचा आयुष्यभर चालू राहतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगता मोजली आहे. त्यात मज्जारज्जूच्या दुखापतीचं वेगळं नाव नाही, ती 'चलनवलन दिव्यांगते'त मिसळून जाते. वेगळं नाव नसल्यामुळे जिल्ह्यात असे नेमके किती लोक आहेत, याची मोजणीही वेगळी होत नाही.

मशीन आलं आणि कंपनी गेली तर?

हा प्रश्न मला इंजिनिअर म्हणून जास्त टोचतो. १९९७ मध्ये अमेरिकेत 'फ्रीहँड' नावाचं उपकरण मंजूर झालं होतं. छातीत बसवलेला स्टिम्युलेटर, हाताच्या स्नायूंत आठ इलेक्ट्रोड, आणि दुसरा खांदा हलवून मूठ उघड-मिट करायची. जगभरात साधारण २५० लोकांना ते बसवलं गेलं. लोक त्याने लिहीत होते, जेवत होते. तंत्र चाललं, धंदा चालला नाही. काही वर्षांतच, २००१ च्या सुमारास, कंपनी त्यातून बाहेर पडली. सुटे भाग आणि दुरुस्ती यांचा प्रश्न उरला तो शरीरात उपकरण असलेल्या माणसांपुढे.

आपल्या फोनला अपडेट बंद झाले तर आपण फोन बदलतो. हात बदलता येत नाही. म्हणून उद्या एखादं उपकरण सरकारी दवाखान्यात आलं तर किंमत विचारा, पण त्यासोबत हेही विचारा: नागपुरात दुरुस्त होईल का, इलेक्ट्रोडचे पॅच इथे मिळतील का, कंपनी गेली तर पुढे कोण?

मग ऑनलाइन मिळणारं मशीन मागवायचं का?

दोन-तीन हजारांत मिळतं ते बहुतेक वेळा 'टेन्स' असतं. ते दुखणं कमी करण्यासाठी, स्नायू हलवण्यासाठी नाही. जिमवाल्यांचं 'ईएमएस' स्नायू आकुंचित करतं, पण मूठ मिटण्यासाठी लागणारा क्रम त्यात नसतो.

धोकेही आहेत. बधिर कातडीला भाजल्याचं कळत नाही. चंद्रपूर जिल्ह्याला हे वेगळं सांगायची गरज नाही. वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये आनंदवन उभं केलं, तिथल्या कुष्ठरुग्णांच्या पिढ्या बधिर हात जपत जपतच काम करत आल्या. सैल चिकटलेला इलेक्ट्रोड असाच गुपचूप चटका देऊ शकतो. पेसमेकर असेल किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांशिवाय अशा मशीनला हातही लावू नका.

आणखी एक. मानेची किंवा छातीच्या वरच्या भागाची दुखापत असेल, तर बधिर भागाला काही टोचलं, लघवी तुंबली किंवा करंट जास्त झाला की बीपी अचानक खूप वाढू शकतं. डोकं जबरदस्त दुखतं, चेहरा लाल होतो, घाम फुटतो. अशा वेळी माणसाला सरळ बसवा, मशीन काढा, कपडे सैल करा, कॅथेटर दुमडलाय का बघा आणि लगेच दवाखाना गाठा. याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. नाव लक्षात राहिलं नाही तरी लक्षणं लक्षात ठेवा.

आज, मशीनशिवाय काय करता येतं?

एक प्रयोग करा. हात सैल सोडा, बोटांवर जोर देऊ नका. आता फक्त मनगट वर उचला. बोटं आपोआप थोडी मिटतात, अंगठा तर्जनीजवळ येतो. मनगट खाली सोडा, बोटं उघडतात. ही फुकटची पकड आहे, तिला टेनोडेसिस म्हणतात. सी-६ शाबूत असलेला माणूस हिच्या जोरावर चमचा, ब्रश, मोबाईल धरू शकतो. त्यासाठी बोटांच्या शिरा किंचित आखूड राहाव्या लागतात. घरची माणसं मायेने रोज मनगट मागे वाकवून बोटंही पूर्ण सरळ ताणतात आणि ही पकड घालवून बसतात. नियम सोपा आहे: बोटं उघडताना मनगट खाली, मनगट वर असताना बोटं मिटलेली. थेरपिस्टकडून एकदा प्रत्यक्ष शिकून घ्या.

शिकायचं कुठे? नागपूरच्या शासकीय मेडिकलमध्ये ऑक्युपेशनल थेरपी शिकवणारी जुनी शाळा आहे. मुंबईत हाजी अलीला १९५५ पासून अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे. एकदा तिथे जाऊन शिकलं, व्हिडिओ काढून आणला, की पुढचे प्रश्न ई-संजीवनीवरून किंवा साध्या व्हिडिओ कॉलवरही विचारता येतात.

फोनचा उपयोग तर आजच होतो. अँड्रॉइडमध्ये व्हॉइस अ‍ॅक्सेस आणि स्विच अ‍ॅक्सेस आहे, आयफोनमध्ये व्हॉइस कंट्रोल. जीबोर्डवर मराठीत बोलून टाइप करता येतं. बोटं न हलणाऱ्या माणसाला हे सेटिंग करून द्यायला तुम्हाला अर्धा तास लागेल.

आणि अपघात झाला तर: हातपाय धरून उचलू नका. १०८ ला फोन करा. उचलावंच लागलं तर डोकं, मान आणि पाठ एका रेषेत ठेवून, सगळ्यांनी मिळून एकदम, आणि सपाट फळीवर. बाजच मिळत असेल तर तिच्यावर दाराची फळी टाका. मानेच्या दोन्ही बाजूंना गुंडाळलेली चादर लावा.

'मशीन कुठे मिळेल' असं पुढच्या वेळी कुणी कमेंटमध्ये विचारलं तर लिंक टाकण्याआधी त्याला दोन गोष्टी विचारा. भावाची बोटं अजून मोकळी आहेत का? कातडीला जखम नाही ना? दोन्ही ठीक असतील तर त्याला नागपूरचा पत्ता द्या. ठीक नसतील तर आधी त्यावर इलाज करायला सांगा, आणि मग तोच पत्ता द्या. मशीन आपल्याकडे यायला किती वर्षं लागतील ते आपल्या हातात नाही, पण तोवर हा हात टिकेल की नाही, हे बऱ्यापैकी आपल्या हातात आहे.